नवीन स्ट्रिप सुरूच केली नाही, तीन गोळ्या गेल्या (गावाला आहे, प्लीज लवकर सांगा)

चिंचगूळ | रविवार, सकाळी ११.२०

मैत्रिणींनो (आणि ज्यांना झेपेल त्या मित्रांनो) पटकन सांगा, कारण इथे रेंज फक्त विहिरीपाशी येते आणि मी कपडे वाळत घालते सांगून आलेय, आज गौरी यायच्यात, घरात अठरा माणसं आहेत.

मी दोन वर्षं ओव्हरल-एल ही गर्भनिरोधक गोळी घेते. लेक साडेतीन वर्षांची, दुसरं आत्ता नकोय. २१ गोळ्या, मग सात दिवस सुट्टी, त्यात पाळी येऊन जाते, मग नवीन स्ट्रिप, रोज रात्री साडेनऊ, इतकं अंगवळणी पडलंय. या वेळेला सुट्टी बुधवारी संपली, गुरुवारी रात्री नवीन स्ट्रिप सुरू करायची होती. आम्ही मंगळवारीच रात्री पुण्याहून निघून गुहागरजवळ सासरी आलो आणि स्ट्रिप राहिली फ्रीजवरच्या डब्यात. मला आठवलं कधी, तर आज सकाळी, हळदीकुंकवाची तबकं पुसताना. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार तीन गेल्या.

आणि शुक्रवारी रात्री, म्हणजे, समजून घ्या. काही वापरलं नव्हतं.

माझं म्हणणं असं की पाकिटाच्या मधल्या गोळ्या विसरल्या तर प्रॉब्लेम, मी तर अजून सुरूच केलेली नाहीये, पाळी पण आत्ताच संपलीये, म्हणजे सेफच ना? नवरा म्हणतो बुधवारी पुण्याला पोचलो की राहिलेल्या सगळ्या एकदम घेऊन टाक, हिशोब जुळेल. हिशोब!

रानजाई | ११.३४

अगं पाळीनंतरचे पाचसहा दिवस सेफच असतात. मोदक खा आणि मजा कर.

बेलापूरची | ११.४१

रानजाई असं बिनधास्त नको सांगू गं. ते सेफ डेज वगैरे गोळी न घेणाऱ्यांचं, आणि त्यांचं पण खरं नसतं, माझा धाकटा त्याच हिशोबातला आहे.

चिंचगूळ, सगळ्या एकदम अजिबात घेऊ नकोस. मी एकदा शहाणपणा करून चार घेतलेल्या, रात्रभर बेसिनशी उभी होते आणि उपयोग काय झाला देव जाणे. डॉक्टरीणबाईंना हाक मारलीये, रविवारी असतात त्या इथे.

डॉक्टरीणबाई | दुपारी १२.०५

आले. कुकर लावून बसलेय, आता नीट लिहिते. चिंचगूळ, घाबरू नका पण "सेफच ना" याचं उत्तर "नाही" आहे. आज काहीतरी करायला हवं, बुधवारपर्यंत थांबायचं नाही.

सगळ्यांचा गैरसमज नेमका इथे होतो म्हणून जरा लांबण लावते. पाकिटाची सुरुवात चुकली म्हणजे काही बिघडलं नाही असं वाटतं, प्रत्यक्षात सगळ्यात जास्त बिघडतं ते तिथेच. गोळी काय करते, तर अंडाशयाला झोपवून ठेवते, बीज बाहेर पडू देत नाही. आपण पाळण्यातलं बाळ झोपवतो तसं समजा. ओळीने सात गोळ्या पोटात गेल्या की बाळ गाढ झोपतं. मग सात दिवसांची सुट्टी येते, म्हणजे तुम्ही पाळण्याची दोरी सोडली. सात दिवस ते झोपून राहतं, पण सुट्टीच्या शेवटीशेवटी चुळबूळ सुरू झालेली असते. आठव्या दिवशी तुम्ही दोरी परत धरली तर ठीक. तुमची सुट्टी किती झाली? सात अधिक तीन, दहा दिवस. म्हणजे बाळ उठून बसलेलं असू शकतं. आणि शुक्रवार त्याच दिवसांत येतो.

आलेली पाळी ही खरी पाळीसुद्धा नव्हे, हॉर्मोन थांबले म्हणून झालेला रक्तस्राव आहे. त्याच्यावरून सेफ-अनसेफचे दिवस मोजता येत नाहीत. (रानजाई, हे तुम्हाला.)

तर आता करायचं काय:

आज रात्री नाही, मिळेल तेव्हा लगेच नवीन पाकिटाची पहिली गोळी. पुढे रोज एक, ठरलेल्या वेळी. गेलेल्या तीन भरून काढायच्या नाहीत. आजपासून ओळीने सात गोळ्या होईपर्यंत कंडोम, एकही दिवस सूट नाही. आणि शुक्रवारसाठी तातडीची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅमची, आय-पिल म्हणून लोक मागतात ती. ७२ तासांच्या आत घ्यायची असते, पण ७२ तास आहेत म्हणून ७१व्या तासाला नव्हे, जितकी लवकर तितकी चांगली. चिठ्ठी लागत नाही. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते, म्हणून काहीतरी खाऊन घ्या, आणि तुमच्याकडे आज खायची कमतरता नसावी.

तातडीची गोळी घेतली म्हणून रोजची थांबवायची नाही, दोन्ही एकाच दिवशी चालतात. वजन बरंच जास्त असेल तर तातडीच्या गोळीचा भरवसा कमी होतो, तेव्हा पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवणं हा जास्त खात्रीचा उपाय.

चिंचगूळ | १२.२८

बापरे. डॉक्टर थँक्यू, पाळण्याचं कळलं एकदम. वजन ५८. पण गोळी आणू कुठून? गावात एकच मेडिकल, ते सासऱ्यांचे भजनातले मित्र, शिवाय आज रविवार, अर्धा दिवस. तालुक्याला जायचं तर कारण काय सांगू? आणि ओव्हरल-एल तिथे नाही मिळाली तर?

सिस्टरबाई | १२.५०

मी उपकेंद्रावर काम करते (कोकणात नाही, पण सगळीकडे सारखंच). गावच्या आशाताईंना फोन लाव, सासरी कुणाकडे तरी नंबर असणारच, लेकीच्या डोससाठी म्हणून माग. आशाताईंकडे माला-एन असते. सरकारी आहे, फुकट.

आणि ऐक, माला-एन आणि तुझी ओव्हरल-एल आतून एकच आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम, दोन्हीत तेवढंच. माला-डी पण तीच, ती विकत मिळते एवढाच फरक. बायकांना वाटतं सरकारी म्हणजे हलकी, तसं काही नाहीये. फक्त पाकीट २८ गोळ्यांचं आहे, २१ पांढऱ्या आणि ७ काळपट चॉकलेटी. काळपट म्हणजे लोहाच्या, त्यांचा गर्भनिरोधाशी संबंध नाही, सुट्टीच्या सात दिवसांत सवय मोडू नये आणि जरा रक्त वाढावं म्हणून दिल्यात. तू पांढरीपासून सुरू कर. माझ्याकडे एक बाई काळपटपासून सुरू करून "सिस्टर आठवडा झाला घेतेय" म्हणून आल्या होत्या, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि लाजू नकोस गं. आशाताई या रोज हेच करतात, त्यांच्या पिशवीत काय काय असतं ते गावाला माहीत असतं, कुणाला काय दिलं ते माहीत नसतं.

नाना_सातारकर | दुपारी १.१५

सणासुदीच्या दिवसांत, घरात देव बसलेला असताना, जाहीर ठिकाणी हे विषय! आमच्या वेळी असल्या गोळ्या नव्हत्या, संयम होता. शिवाय या हॉर्मोनच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, कॅन्सर होतो, हे सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे. कच्ची पपई खावी, उष्ण पडते, प्रश्न मिटतो.

पिकलं_पान | १.२२

नाना, मी तुमच्याच वेळची. संयमाचं सांगू नका, आमच्या आळीत नऊ-नऊ बाळंतपणं झालेल्या बायका होत्या आणि त्यातल्या दोघी नवव्यातच गेल्या. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. १९२७ पासून मासिक चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसल्या, नोकरी गेली. शंभर वर्षं उलटून गेली त्याला. आणि आपण अजून पपईवरच.

खोडरबर | १.२५

पिकलं_पान आजी +१००

डॉक्टरीणबाई | १.४०

पपईवर विश्वासून मूल झालेल्या बायका माझ्याकडे नावनोंदणीला येतात, नाना, त्यामुळे पपईबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण मुद्द्याचं उत्तर देते, कारण वाचणारे शंभर असतात आणि लिहिणारे पाच. गोळी बंद केली की बीज बाहेर पडणं परत सुरू होतं, वांझपण येत नाही. कॅन्सरचं सरसकट बोलता येत नाही: अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा धोका गोळीने कमी होतो, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा घेत असेपर्यंत थोडा वाढतो. सगळ्यांना गोळी चालते असंही नाही. पस्तिशी उलटलेली आणि सिगारेट ओढणारी, बीपी असलेली, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमकणारी नक्षी येऊन अर्धशिशी होणारी, अंगावर पाजणारी आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं, यांनी माझ्यासारखीला विचारल्याशिवाय मिश्र, म्हणजे दोन हॉर्मोनची गोळी घेऊ नये. आणि घेताना एकच पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, कधी नव्हे ते भयंकर डोकं दुखणं, असं झालं तर गोळी बंद आणि दवाखाना.

साधा_माणूस | १.५५

एक पुरुष म्हणून विचारतो, हे सगळं चिंचगूळताईंनी विहिरीवरून का करायचं? नवरा गाडी काढू शकतो ना? मी आमच्या हिच्यासाठी दर महिन्याला आणतो, मेडिकलवाला माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो, दोघं बघून घेतो.

बेलापूरची | १.५८

साधा_माणूस, बोललात लाखातलं. शुक्रवारी हजर होता तर रविवारी पण हजर राहू दे त्याला.

चिंचगूळ | दुपारी ४.५०

हसून हसून पुरेवाट झाली आणि रडायला पण येतंय. नवऱ्याला पाठवला तालुक्याला "लेकीचं खोकल्याचं औषध" म्हणून. मी सांगितलेलं नाव तो वाटेत विसरला, फोन लागेना, मग त्याने दुकानात जाऊन "बायकांच्या त्या गोळ्या द्या, अर्जंट आहेत" असं सांगितलं. दुकानदाराने दिल्या. घरी येऊन बघते तर दहा गोळ्यांची पट्टी, वर लिहिलंय नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम. वापरायच्या कशा विचारलं तर दिवसातून तीन म्हणाला.

हे काय आहे? घेऊ का? हॉर्मोनचंच नाव वाटतंय.

सिस्टरबाई | ४.५८

नको घेऊस!! त्या पाळी पुढे ढकलायच्या. गणपतीत पुरुष माणूस येऊन अर्जंट बायकांच्या गोळ्या मागतो म्हणजे दुकानदार तेच समजणार, त्याचं काही चुकलं नाही बिचाऱ्याचं. या आठवड्यात कोकणात खोकल्याच्या औषधापेक्षा जास्त त्याच खपत असतील.

डॉक्टरीणबाई | ५.१०

सिस्टरबाईंनी बरोबर सांगितलं. बरं झालं विचारलंत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या ही गर्भनिरोधकाची सोय नाही. पूजा आहे, लग्न आहे म्हणून पाळी येण्याच्या तीनएक दिवस आधीपासून त्या घेतात, थांबवल्या की पाळी येते, एवढंच त्यांचं काम. आणि दरवर्षी दिवाळीनंतर एखादी तरी येते, "डॉक्टर मी तर गोळ्या घेत होते, मग दिवस कसे राहिले?" कुठल्या गोळ्या, तर या.

(आणि जाताजाता: तुमच्यासारखी रोजची गोळी घेणाऱ्या बाईला पाळी पुढे ढकलायला वेगळी गोळी लागतच नाही. सुट्टी न घेता पुढचं पाकीट लगेच सुरू केलं की पाळी येत नाही. पाळीत देवाचं करावं की नाही यावर मी बोलणार नाही, आज एक नाना पुरे.)

मिस्टरांना परत पाठवा, नाव कागदावर लिहून.

चिंचगूळ | रात्री ८.३५

रिपोर्ट देते. नवरा परत गेला, या वेळी हातावर पेनाने लिहून. आय-पिल मिळाली, साडेसहाला घेतली, म्हणजे साधारण ४४ तास झाले असतील. उलटी नाही, जरा मळमळतंय पण ते पुरणाने पण असेल. आशाताईंना सासूबाईंनीच फोन लावून दिला!! मी लेकीच्या डोसचं बोलले, त्यावर सासूबाई म्हणाल्या "डोस तर पुण्यात झाला ना" आणि मग माझ्याकडे बघून "मला पण त्यांनीच दिल्या होत्या गं, म्हणजे यांच्या आधीच्या बाई होत्या त्यांनी, घे बोलून." मी जमिनीत जायची बाकी होते. आशाताई गौरीच्या हळदीकुंकवाला आल्या आणि जाताना ओटीच्या तांदळात पाकीट ठेवून गेल्या. पहिली पांढरी आत्ता घेतली.

पिकलं_पान | ८.४१

ओटीत! वा गं आशाताई.

थेम्सकाठी | ८.५०

मस्त धागा. इकडच्या लोकांसाठी थोडी भर. मी इंग्लंडमध्ये मिनीपिल घेते, म्हणजे एकाच हॉर्मोनची गोळी, डेसोजेस्ट्रेलची. २०२१ पासून इथे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फार्मसीत मिळते, फार्मसिस्ट चार प्रश्न विचारतो आणि देतो. त्यात सुट्टी नसते, रोज घ्यायची. हिचे नियम वेगळे आहेत, डॉक्टरीणबाईंच्या पोस्टवरून कुणी मिनीपिलचा हिशोब करू नका. हिच्यात बारा तासांपेक्षा जास्त उशीर झाला की चुकली असं धरतात, मग आठवेल तेव्हा एक घ्यायची आणि पुढचे दोन दिवस कंडोम. सातऐवजी दोनच. पण जुन्या प्रकारच्या मिनीपिल असतात त्यांना फक्त तीन तासांची सूट.

भारतात येते तेव्हा माझा घोळ होतो. इंग्लंडमधली रात्री दहाची वेळ म्हणजे उन्हाळ्यात भारतात पहाटे अडीच. मग मी विमानात बसायच्या दिवसापासून संध्याकाळच्या जेवणाला घेते, थोडी लवकर झाली तर बिघडत नाही, उशीर नको.

म्हापशेकरीण | रात्री ९.०२

माझा प्रश्न. मी सहेली घेते, आठवड्यातून एक, रविवारी. माझी मागच्या रविवारची विसरली, आज दुसरा रविवार उजाडला. दोन घेऊ?

डॉक्टरीणबाई | ९.२०

दोन नको. सहेली ही वेगळीच चीज आहे, हॉर्मोनच नाही त्यात. ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, १९९१ला बाजारात आली, २०१६ पासून सरकारी दवाखान्यात छाया नावाने फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा.

विसरली तर नियम असा. सात दिवसांच्या आत आठवली तर आठवल्याबरोबर एक घ्यायची, पुढची ठरल्या वारी, आणि पुढची पाळी येईपर्यंत कंडोम. सात दिवसांपेक्षा जास्त झाले तर पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे परत तीन महिने आठवड्यातून दोन. तुमचे बरोब्बर सात झाले आहेत, काठावर आहात. मी असते तर आत्ता उठून एक घेतली असती, कंडोम आहेच, आणि उद्या केंद्रावर किंवा तुमच्या डॉक्टरांकडे पाकीट दाखवून विचारलं असतं. सहेलीत पाळी मुळातच लांबते, त्यामुळे पंधरा दिवसांच्या वर लांबली तर टेस्ट करा, अंदाज बांधत बसू नका.

खोडरबर | ९.३५

मला विचारायला लाज वाटतेय पण नाव खरं नाहीये तर विचारते. मी हॉस्टेलला आहे, पीसीओडीसाठी गोळ्या चालू आहेत, २४ अधिक ४ वाल्या. परीक्षेच्या नादात परवाची एक राहिली. मला बॉयफ्रेंड वगैरे काही नाही. तरी काही करायला हवं का? आई ओरडेल स्ट्रिप बघितली तर.

डॉक्टरीणबाई | ९.४४

लाजायचं काय त्यात. एकच राहिली असेल तर आठवली तेव्हा घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं, पुढे रोजच्यासारखं. एका गोळीने गर्भनिरोधक म्हणूनसुद्धा काही बिघडत नाही, मधेच थोडे डाग पडतील फार तर. तुम्हाला तर तोही प्रश्न नाही. शेवटच्या चार रिकाम्या असतात, त्या विसरल्या तर फक्त फेकून द्यायच्या.

आणि आईला सांगा ही औषधाची गोळी आहे. नाही पटलं तर आईला आणा पुढच्या तपासणीला, आया डॉक्टरचं ऐकतात, मुलींचं नाही.

रानजाई | ९.५०

मी सकाळी चुकीचं सांगितलं, सॉरी चिंचगूळ. पण डॉक्टर मग नेमकं किती विसरल्या की घाबरायचं? नेटवर कुठे दोन लिहिलंय कुठे तीन.

डॉक्टरीणबाई | रात्री १०.१०

खरंय, दोन्ही लिहिलेलं असतं. ओव्हरल किंवा माला सारख्या मिश्र गोळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा नियम तीनचा आहे, एकदोन चुकल्या तर आठवेल तेव्हा एक घ्या, पुढे चालू, बाकी काही नको. अमेरिकेतला नियम कडक, तिथे दोन चुकल्या की सात दिवस कंडोम. मी माझ्या पेशंटना दोनचाच सांगते. जास्तीचे सात दिवस कंडोम वापरून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

पण आकड्यापेक्षा जागा बघा. पहिल्या आठवड्यातल्या चुकल्या, किंवा सुरुवातच उशिरा झाली, तर सगळ्यात धोका, आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर तातडीच्या गोळीचा विचार. मधल्या आठवड्यात, आधी सात नीट घेतलेल्या असतील तर धोका कमी. तिसऱ्या आठवड्यातल्या दोन-तीन चुकल्या तर एक युक्ती: हे पाकीट संपलं की सुट्टी घ्यायचीच नाही, २८वालीतल्या काळपट गोळ्या टाकून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट. म्हणजे दोन भोकं, चुकलेल्या गोळ्यांचं आणि सुट्टीचं, एकमेकांना जोडली जात नाहीत. त्या महिन्यात पाळी आली नाही तर घाबरायचं नाही, येणारच नसते.

बेलापूरची | १०.१८

जुलाब-उलट्यांचं पण सांगा ना. आणि अँटिबायोटिक घेतलं की गोळी चालत नाही म्हणतात.

डॉक्टरीणबाई | १०.२९

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. उलट्या-जुलाब दोन दिवस चालले तर गोळ्या चुकल्या असंच धरून चाला. नेहमीची अँटिबायोटिकं, अमॉक्सिसिलिन वगैरे, त्यांनी काही होत नाही. पण टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, यांनी गर्भनिरोधक गोळी निकामी होते. टीबीचा कोर्स सुरू झाला की डॉक्टरला "मी गोळी घेते" हे आपण होऊन सांगा, तो गडबडीत विचारेलच असं नाही. अशांना तांबी किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन बरं.

आता झोपते. चिंचगूळ, पुढची पाळी चार दिवस इकडेतिकडे होईल, चालेल. शुक्रवारपासून तीन आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करा. त्याच्या आधी रोज एक करून पैसे घालवू नका, बायका घालवतात. मधे एका बाजूला पोटात खूप दुखलं तर मात्र थांबू नका.

नाना_सातारकर | रात्री ११.०५

पपईबद्दल मी वाचलं होतं म्हणून लिहिलं. असो. आमच्या सुनेला ते रिफाम्पिसिन चालू आहे. तिला हे कसं सांगावं?

पिकलं_पान | ११.१२

नाना, तुम्ही नका सांगू. तुमच्या मिसेसना हा धागा वाचायला द्या, त्या सांगतील.

चिंचगूळ | चार आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९.४५

धागा वर काढतेय, विचारणाऱ्यांचे व्यनि (खासगी निरोप) आलेत म्हणून. तीन आठवडे झाल्यावर टेस्ट केली, एकच रेघ. नंतर काळपट गोळ्यांच्या तिसऱ्या दिवशी पाळी पण आली. मधे एकदा दोन दिवस थोडे डाग पडले होते, ते आय-पिलचं असणार असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. सात दिवसांचं कंडोमचं पण पाळलं, त्यातले तीन दिवस तर गावालाच होतो, घरात अठरा माणसं, पाळायला अवघड गेलं नाही.

आता एक पाकीट फ्रीजवर, एक माझ्या पर्समध्ये आणि एक नवऱ्याच्या बॅगेत लॅपटॉपच्या कप्प्यात. साडेनऊचा अलार्म पण त्याच्या मोबाइलवर लावलाय. परवा ऑफिसच्या कॉलमध्ये वाजला आणि साहेबांनी विचारलं कसला, तर हा म्हणाला औषधाचा. साहेब म्हणाले बीपी का रे, आणि आता रोज त्याला मीठ कमी खायला सांगतात.

म्हापशेकरीण | ९.५८

हा हा. माझं पण ठीक आहे, केंद्रातल्या बाईंनी पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं, आठवड्यातून दोन. रविवार आणि बुधवार. बुधवार लक्षात राहत नाही, मासळीचा वार धरून बसवायचा प्रयत्न चाललाय.